सावलीसकट

माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावर बसलेले वाचनालयाचे सन्माननीय कार्यवाह, आजचे सत्कारमूर्ती आपले सर, त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या आदरणीय वहिनी आणि जमलेल्या समस्त आईवडिलांनो,

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक माझ्याशी बोलतात ते मधेच अडकल्यावर, त्यामुळे भाषणाची मला सवय नाही. तरी वर्गाने मलाच उभं केलं. बाकीच्यांना बोलताना रडू येईल आणि मला येणार नाही, असं सर्वांचं मत पडलं. असो.

लहान मुलांचे फोटो कसे काढावेत, हा रविवारचा वर्ग सरांनी याच इमारतीत, वरच्या खोलीत वर्षानुवर्षं चालवला. आज ते थांबताहेत. कारण? गुडघे. उभ्यानेच शिकवा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. पण मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला ज्याला बसता येत नाही त्याने मुलांचे फोटो शिकवू नयेत, असं म्हणून सरांनी वर्गच बंद केला.

ज्यांनी वर्ग केला नाही त्यांना पहिला दिवस सांगायला हवा. आपण मोठ्या हौसेने मोबाईल सरसावून जातो आणि सर आपल्यालाच बालवाडीच्या खुर्चीवर बसवतात. गुडघे हनुवटीला टेकलेले. मग बाकीचे भोवती उभे राहून फ्लॅश मारतात आणि ओरडतात, "इकडे बघ! हास ना! तोंड असं काय केलंयस?" बँकेतले एक साहेब तर तावातावाने उठून खोलीबाहेर गेले. सर शांतपणे म्हणाले, "कळलं ना, लेकरं का पळतात?"

त्यांचं शास्त्र तसं साधं. फ्लॅश विसरा, वरची ट्यूब विझवा, मुलाला खिडकीजवळ खेळू द्या आणि तुम्ही फरशीवर फतकल मारा. मूल जिकडे बघतंय तिकडे फोटोत थोडी मोकळी जागा ठेवा. मागे काय आहे ते बघा. आमच्यातल्या एका ताईंच्या बाळाच्या डोक्यातून प्रत्येक फोटोत टेबलफॅन उगवायचा. सर म्हणायचे, "बाळ गोड आहे, पंखा हलवा." आणि स्वतःची सावली मुलावर पाडणाऱ्याची तर खैर नसे.

आता मी तिथे का गेलो, ते सांगतो. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिची आई गेली. घरात फोटोचं खातं तिच्याकडे होतं. ते माझ्याकडे आलं, आणि मोबाईल दिसला की मुलगी डोळे घट्ट मिटून घेऊ लागली. एकदा जुने फोटो बघताना तिने विचारलं, "बाबा, हल्ली माझे फोटो चांगले का येत नाहीत?" आणि लगेच पुढे, "आणि माझ्याबरोबर आई एकाही फोटोत का नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी वर्गात आलो. दुसऱ्याचं मला ठाऊक होतं. आई कायम मोबाईलच्या मागे असायची, हे एवढ्याशा पोरीला कसं सांगणार?

एका रविवारी सरांनी घरातला सगळ्यात बिघडलेला फोटो आणायला सांगितला. मी अंगणातला नेला. मुलगी उन्हाने डोळे बारीक करून उभी, आणि फरशीवरून थेट तिच्या फ्रॉकपर्यंत एक लांब सावली. सरांकडे काटकोनात कापलेले दोन पुठ्ठे असत. ते फोटोवर ठेवून नको तो भाग झाकायचा आणि फोटो कुठे कापायचा ते दाखवायचं. त्यांनी पुठ्ठे सरकवले, सावली झाकली. "बघा, सुधारला. ऊन पाठीशी घेऊन उभं राहिलं की हे असं होतं. कोणाचा पराक्रम हा?"

मी म्हणालो, "सर, ती सावली तिच्या आईची आहे."

सरांनी पुठ्ठे उचलले. वर धरलेली कोपरं, सैल झालेला अंबाडा, सगळं नीट पाहिलं. "मग इथे कापायचं काही नाही," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "ऊन मात्र डोळ्यांवर आलंय. ते आलंच आहे."

त्या शेवटच्या वाक्याबद्दल मी त्यांचा जास्त ऋणी आहे. सांत्वन करणारे मला पुष्कळ भेटले होते. घरी जाऊन मुलीला तो फोटो पुन्हा दाखवला. तिने अंबाड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आहे की आई." मला फार बरं वाटलं. नंतर ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी डब्यांची झाकणं लावत बसली, मी फरशीवर बसलो आणि फ्लॅशशिवाय फोटो काढला. तिने डोळे मिटले नाहीत.

आता भेटीविषयी. सरांचा फोटो फ्रेम करून द्यायचं ठरलं, तर इतक्या वर्षांत वर्गात सरांचा एकही फोटो नाही! ते काम मग माझ्या मुलीकडे गेलं. परवा सकाळी सर बाहेरच्या पायरीवर बसले, म्हणजे त्यांचे डोळे बरोबर तिच्या उंचीला आले. ऊन तिच्या पाठीशी होतं. व्हायचं तेच होत होतं आणि सरांना ते दिसत होतं. सावलीवरून जन्मभर आमचे कान उपटणारा हा माणूस डोळे बारीक करून गप्प बसून राहिला.

वर्गाचं माझ्याबद्दलचं मत जवळजवळ खरं ठरलं, आता थांबतो. बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. फ्रेम उघडाल तेव्हा सरांच्या शर्टावर दोन वेण्यांची सावली दिसेल. तिच्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. सर, तिथे कापायचं काही नाही.