ग्रॅनाइट का क्वार्टझ, आन् मधी सुभान टेलर

...न्हाई, पन तुमीच सांगा, दगड त्यो दगड, का न्हाई? पायरीला लावला तर पायरी, बांधावर उभा केला तर हद्द, मोरीत टाकला तर धुन्याचा! आन् त्या दगडावरनं आमच्या घरात तीन म्हयनं... तीन म्हयनं, तुमाला सांगतो, चहा घेतला तरी ग्रॅनाइट, भाकरी मोडली तरी क्वार्टझ, पावन्याला "या बसा" म्हनायच्या आदी "तुमी सांगा, ग्रॅनाइट का क्वार्टझ?" कोन भांडतंय, तर आमचा इरशाद आन् त्याची बायकू लुबना. घराचं काम काढलं व्हतं ना आमी, वर स्लॅब पडला, खाली फरशी झाली, आन् गाडी अडली कुठं? तर सैपाकघराच्या ओट्यावर! त्याला आता किचन म्हनायचं बरं का, मी सैपाकघर म्हनलं की सूनबाईला वाटतं मी दुसऱ्याच कुनाच्या घराबद्दल बोलतोय. तर ओट्याला वरनं दगड कसला घालायचा? तुमी म्हनाल, सुभानभाई, घर तुमचं, एकदा बोट दाखवा आन् मोकळं व्हा. बरुबर हाय. पन आपल्याला कोन इचारतंय!

मी आपला न्हावऱ्यातला जेन्स टेलर. तीस वर्सं झाली, ह्या पंचक्रोशीत माझा टेप ज्याच्या कंबरेला लागला न्हाई असा बाप्या दाखवा. हौसराव आप्पाची कंबर किती म्हनून मला झोपेतनं उठवून इचारा, बेचाळीस! लेकीच्या लग्नात चव्वेचाळीस झाली व्हती, सोसायटीचं इलेक्शन हारले तवा पुन्यांदा खाली आली. असा मी मापाचा मानूस. तर ह्या इरशादनं काय करावं? माझ्या कटिंगच्या टेबलावर दोन सॅम्पल आनून ठिवली, हातभर हातभर. काळं कुळकुळीत ते ग्रॅनाइट, पांढरं ते क्वार्टझ. म्हनला, "आब्बा, इथं राहू द्या. येनारी-जानारी बघतील, पब्लिक ओपिनियन घिऊ." घ्या! म्हंजी बापाचं न्हाई, पब्लिकचं!

आन् पब्लिक काय कमी हाय व्हय आपल्याकडं? हौसराव आप्पा आले, नखानं खरवडलं, गालाला लावून बघितलं, म्हनले, "सुभान, काळा घे. मळ दिसत न्हाई." ते जात्यात न् जात्यात तवर शेजारची झुंबरबाई, "पांढरा घ्या भाईजान, पांढऱ्यावर झुरळ लगीच दिसतं." आता मळ दिसू नये आन् झुरळ दिसावं, असा दगड मी कुठनं आनू? मी आपलं कापड बघितल्यावानी बघितलं. क्वार्टझ कसा, मिलचं कापड, ठिपका इथं तसा तिथं, कुठनंबी कापा. ग्रॅनाइट कसा, हातमाग, ह्या टोकाचं त्या टोकाला जुळंल तर शपथ. म्हनलं सांगावं पोराला, इतकी वर्सं धंदा केला, नजर हाय आपल्याला... पन आपल्याला कोन इचारतंय!

इरशाद ग्रॅनाइटच्या बाजूचा. ऱ्हातो न्हावऱ्यात, कामाला रांजनगावला कारखान्यात, आन् कारखान्यात केलेल्या वस्तूवर ह्याचाच इस्वास न्हाई! "आब्बा, ग्रॅनाइट खानीतनं येतो, अल्लानं बनिवलेला. क्वार्टझ म्हंजी दगडाचा चुरा आन् केमिकल, कंपनीत दाबून लादी करत्यात. आन् कंपनीत काय चालतं ते मला इचारा, शनवारी सेकंड शिफ्ट सुटायच्या टायमाला कसा माल निघतो!" आन् लुबना? ती दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलनं कसं, इस्त्री केल्यावानी. "अब्बा, ग्रॅनाइटला बारीक छिद्रं असतात. हळद आत जाते, तेल आत जातं. क्वार्टझला काही म्हणजे काही होत नाही. माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये तेच आहे." इरशाद म्हनतो, "मग गरम पातेलं ठिवून बघ त्याच्यावर! डाग पडतोय का न्हाई!" ती म्हनती, "गरम पातेलं ओट्यावर ठेवायचंच कशाला?" त्यो म्हनतो, "मग काय डोक्यावर ठिवायचं?" आन् मधी मी, हातात घास, कुनाकडं बघून गिळायचा तेच कळंना!

कारेगावला हायवेला एक दगडवाला हाय, राजस्थानकडचा, तिकडं नेलं आमाला. त्यो मला म्हनतो, "चाचाजी, आँख बंद करके क्वार्टझ लो, लाइफटाइम है, लाइफटाइम!" मी म्हनलं, "किसकी लाइफ? तुमारी का हमारी?" मग ग्रॅनाइट दाखिवला, म्हनला, "ये भी लाइफटाइम है!"

आता तुमाला खरं सांगतो... जवळ सरका जरा, घरात कळायला नको. मला ग्रॅनाइटबी नको व्हता आन् क्वार्टझबी नको व्हता. मला माझा जुना ओटा ठिवायचा व्हता! कडप्प्याचा. साधा, काळा, मी सोता आनलेला.

एक्क्यान्नव साल. आमची हुसेनबी, म्हंजी इरशादची अम्मी, म्हायेरी वरवंडला गेलेली, भावाच्या लग्नाला, चांगली म्हयनाभर. तवा आमच्याकडं चूल खाली, सगळा सैपाक बसून, धुरानं डोळं लाल. मी म्हनलं, ही यायच्या आत हिला उभ्याचा ओटा करून ठिवायचा! सगळ्या आळीत पयला! दौंडला गेलो, कडप्पा घेतला, टेंपो काय घावंना, मग दोन हमाल लावून यष्टीच्या टपावर चढिवला. कंडक्टर खालनं वरडतो, "ओ मामा, काय चढिवलं?" म्हनलं, "दगड." "कुनाचा?" म्हनलं, "बायकूचा." त्यानं टोपीच काढली डोक्यावरची. हळूच म्हनला, "कवा गेल्या?" म्हनलं, "परवा गेली, म्हयनाभरानं यील!" त्यो जो माझ्याकडं बघाय लागला, ते थेट भीमेचा पूल येस्तवर!

कोंडिबा गवंडी लावला. त्यो म्हनला, "सुभानभाई, उंची काय घिऊ?" आता उंची मला इचारायची! टेप काढला, म्हनलं, अडतीस इंच. एक सूत इकडं न्हाई का तिकडं न्हाई. झाला ओटा. हुसेनबी आली, सैपाकघरात गेली, तशीच उभी. हात फिरिवला दगडावरनं, आन् डोळ्यात पानी. म्हनलं, बघा, किती आनंद झाला!

काय दिवस व्हते, तुमाला सांगतो... त्याच्यावर रॉकेलचा स्टो, त्यो भर्रर्र आवाज, पिन मारताना हुसेनबीच्या बांगड्या वाजायच्या. आळीतल्या बाया ओटा बघायला यायच्या. दिवाळीला झुंबरबाई चकल्या तळायला आमच्या ओट्यावर, आन् ईदला तिच्या दुधाची घागर आमच्या शिरखुर्म्याला. इरशादला तिथंच बसवून हुसेनबी पाढं म्हनवून घ्यायची, त्यो पाय हालवत सतरा सत्ते... सतरा सत्ते... कवाच बरुबर आलं न्हाई त्याला! आन् हुसेनबी ओट्यापुढं लाकडी पाट ठिवून त्याच्यावर उभी ऱ्हायची. मला वाटायचं, फरशी गार लागती बाईला. मी दुकानातनं जेवायला आलो की दारातनं ती पाठमोरी दिसायची, भाकरी थापताना... ते बघितलं की मला बरं वाटायचं. आन् ही पोरं म्हनत्यात, "फोडून टाकू त्यो कडप्पा!" फोडून टाकू! पन आपल्याला कोन इचारतंय!

मग मी डोकं चालिवलं. म्हनलं, जवर ही भांडत्यात तवर माझा ओटा जाग्यावर! झालं. सूनबाई नरम पडाय लागली की म्हनायचं, "लुबना, तुझी भन काय म्हनत व्हती गं, पांढऱ्यानं उजेड पडतो म्हनं?" की चालली ती! इरशाद हो म्हनायच्या बेताला आला की, "व्हय रं, केमिकल हाय म्हनत व्हतास न्हवं? पोटात गेलं तर?" की बसला त्यो फतकल मारून! तीन म्हयनं, तुमाला सांगतो, दोन्ही बाजूचं शिलाईकाम येकट्यानं केलं मी. आन् हुसेनबी? ती ह्यात कुठंच न्हाई. पाठमोरी. भाकऱ्या थापतीय.

येक रयवारी दुपारी बसलो जेवायला. दोगांचं सुरू. बोलता बोलता इरशादनं हातच जोडलं, "बास! नकोच काय. ग्रॅनाइट नको, क्वार्टझ नको. हाय त्योच ओटा राहू द्या!" लुबना म्हनली, "राहू द्या. मलाही कंटाळा आला."

माझी तिथंच ईद! मान खाली घालून आमटी वरपतोय, वर बघितलं तर हसू दिसंल ना! आन् तेवढ्यात... भाकरी थापायचा आवाज थांबला.

हुसेनबी वळली. म्हनली, "इरशादचे आब्बा, टेप हाय का खिशात?"

म्हनलं, "हाय की." टेलरच्या खिशात दुसरं काय आसनार!

"दुकानात जा. तुमचा कटिंगचा टेबल मोजून या."

म्हनलं, भलतंच काय! पन आवाज असा व्हता, की हात धुतला आन् गेलो. दुकान म्हंजी घराच्या पुढच्याच अंगाला. मोजला. अडतीस इंच. पुन्यांदा मोजला. अडतीस! आन् टेबलाला हात लावून तिथंच उभा ऱ्हायलो. कारन मला उभ्यानं काम म्हनलं की येकच ठावं, माझं! माझ्या टेबलावरचं! कोंडिबानं उंची इचारली तवा मी बायकूला डोळ्यापुढं आनलंच न्हवतं, मी टेबल डोळ्यापुढं आनला व्हता. मी पावनेसा फुटाचा गडी. आन् ती माझ्या छातीला लागती!

आत आलो. ती म्हनली, "किती?" म्हनलं, "अडतीस." ती म्हनली, "सतरा वर्सं झाली, मी तुमच्या दुकानात सैपाक करतीय."

म्हनलं, "मग बोललीस का न्हाई गं?"

"काय बोलू? यष्टीच्या टपावरनं बायकूसाठी दगड आनला, हे तुमी गावभर सांगत व्हता. आन् आता तीन म्हयनं दगडावरनं चाललंय, मला कुनी इचारलं?"

ऐका! हे वाक्य माझं व्हतं! तीन म्हयनं मी बोलत व्हतो, "आपल्याला कोन इचारतंय," आन् जिचं खरं व्हतं ती गप ऱ्हायलेली. मी म्हनलं, "उतर पाटावरनं." उतरली. पोरगा-सून बघत्यात, लाज वाटली, पन टेप धरला. जमिनीपासनं, तिचा हात आरामात पडतो तिथवर. येकतीस. तुमाला सांगतो, हजारो मानसांची मापं घेतली ह्या टेपनं, पन हिचं माप त्या दिवशी पयल्यांदा. मी जेन्स टेलर ना! हिचं पोलकं शिवायला बायकांच्या टेलरकडं, अनसाबाईकडं. मग पाट मोजला, चार इंच. म्हनलं, "हुसेनबी, सात इंच कमी पडत्यात. पाट चारचा. मग वरलं तीन?"

ती म्हनली, "टाचा उचलून."

आमटी तशीच ऱ्हायली.

लुबनाच्या डोळ्यात पानी. म्हनली, "अम्मी, तुम्हीच सांगा. ग्रॅनाइट की क्वार्टझ?" हुसेनबी म्हनली, "लवकर कंचा येतो?" इरशाद म्हनला, "ग्रॅनाइट परवा येतो. क्वार्टझला दोन म्हयनं." ती म्हनली, "मग परवाचा." संपलं! तीन म्हयनं, दोन सॅम्पल, अख्ख्या न्हावऱ्याचं ओपिनियन, आन् निकाल लागला दोन शब्दात!

बसला ग्रॅनाइट. येकतीस इंचावर. कडप्पा मी फोडू दिला न्हाई, साबूत काढला. तुमी आता बसलाय ना ज्या बाकावर, त्योच त्यो. उठू नका, उठू नका, बसा, आता त्याचं माप बरुबर हाय.

आन् मी काय केलं, त्या ताठ्यात... ताठा कसला, पश्चात्तापात, सगळ्यांच्या म्होरं म्हनून बसलो, "हितनं पुढं सकाळचा चहा माझ्याकडं." केला सुरू. आता पावनेसा फुटाचा मानूस आन् येकतीस इंचाचा ओटा! मांडीला लागतो वो! आलं किसायचं वाकून, साखर वाकून, दूध उतू जातंय का बघायचं वाकून, चार कप होस्तवर मी घडी घातल्यावानी. कंबर अशी धरती की दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना गिऱ्हाईकच मला आधार देतं! काल शेवटी धीर केला. म्हनलं, "हुसेनबी, ओटा जरा खालीच झाला गं. लई दुखतंय."

ती खुर्चीत बसलेली. बशीत चहा वतला, फुंकर मारली, येक घोट घेतला. म्हनली, "हुईल सवय. सतरा वर्सांनी बदलू."