एका टिंबाचा फरक

प्रवेशाच्या खिडकीसमोरची रांग काही हलेना, आणि पुढच्या बापलेकीचं बोलणं, मुलाचा अर्ज घेऊन मागे उभ्या असलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर आयतंच पडू लागलं.

"बाबा, मी मानसशास्त्र मागितलं होतं. ह्यांनी मांसशास्त्र दिलंय!"

"मग काय झालं? 'न' गेला नि टिंब आलं, एवढंच."

"तिथे हातात सुरी देतात, बाबा."

"अगं, मन शरीरातच कुठेतरी असतं ना? शोध सावकाश."

"मी नाही घेणार. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन."

"आणि वर्षभर घरी बसून माझं डोकं खाशील? तुझ्या आत्याला सांगून बसलोय मी, मुलीचा विद्यापीठात नंबर लागला म्हणून."

"कुठला विषय सांगितलात?"

"भरभर बोलायचं. मांन्सशास्त्र! ज्याला जे हवं ते ऐकू येतं."

"आणि कुणी पुन्हा विचारलं तर?"

"खोकायचं."

रांग एकदाची सरकली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "विषय?"

"मांन्सशास्त्र," म्हणून बाप खोकला.

"नीट बोला हो. मन की मटण?"

शिंपीणबाईंनी हसू दाबायला तोंडावर हात धरला.

"मटण," बापच म्हणाला. "पण ही म्हणते, नको."

"लवकर ठरवा. ते कॉलेज इथे नाही, लांब आहे. हॉस्टेलमध्येच राहावं लागतं."

"हॉस्टेलमध्ये? मग माझा सकाळचा डबा कोण करणार?"

मुलगी खिडकीशी वाकली.

"सही कुठे करू?"