आमेन होईपर्यंत कंजी

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे पाद्री पूजनीय वर्की अच्चन, नवे व्यवस्थापक बेन्नी सर, सत्कारमूर्ती पुन्नूस सर, आणि चाकाच्या खुर्च्यांतून आलेल्या माझ्या आजोबा-आजींनो, अप्पच्चन-अम्मच्चींनो,

मी अच्चाम्मा, या वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण. चुलीपुढची बाई माईकपुढे आली की पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

पुन्नूस सरांनी व्यवस्थापक म्हणून अठरा वर्षं इथे शिस्त लावली. जेवणाआधी प्रार्थना कोट्टयमच्या कुठल्या घरात होत नाही? पण एकेका देणगीदाराचं नाव घेऊन, त्याच्या दुबईतल्या नातवंडांसकट आशीर्वाद मागणारे सरच! तोवर वाढलेल्या ताटांचे फोटो निघायचे आणि तांदळाच्या गरम कंजीची गार पेज होऊन तिच्यावर पापुद्रा धरायचा. मी म्हटलं, "सर, निदान झाकणं घेऊ या." सर म्हणाले, "मग फोटोत काय दिसणार, चेटत्ती? माझं टक्कल?" किती विनोदी स्वभाव!

सोसाम्मा टीचर आठवतात ना? गार पेज त्यांच्या घशाखाली उतरत नसे. हातातलं कांकण कोपराशी जाऊन पोचलं होतं. एका दुपारी प्रार्थना अर्ध्यावर असताना त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन!" आणि चाळीस चमचे एकदम कंजीत बुडाले.

टीचरचा एक घास झाला असेल नसेल, सरांनी त्यांचं ताट उचललं. "शाळेत पोरांना मध्ये बोलू द्यायचात का?" दुसऱ्या दिवसापासून टीचरना सगळ्यांत शेवटी वाढायचा हुकूम निघाला. थोड्याच दिवसांत त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. त्या गेल्या तेव्हा मी गरम पेज घेऊन उशाशी उभी होते. सर, हे मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

असो. आज आनंदाचा दिवस. आणि निरोप तरी कसला? सरांच्या मुलाने मेलबर्नहून कळवलंय, वडिलांना तिकडे नेणं जमणार नाही, त्यांची खाट इथेच घाला. टीचरची रिकामी होतीच. काल सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चेटत्ती, माझं ताट तेवढं झाकून ठेवशील?"

सर, तुमची शिस्त मी मोडू? बेन्नी सरांनी तर प्रार्थनेत आणखी अकरा नावं घातलीत.

बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर अडाणी म्हणून पोटात घाला. अच्चनचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार. कंजी वाढलेली आहे.

पुन्नूस सर, चमचा खाली ठेवा. अजून प्रार्थना व्हायची आहे.