सुभद्रामायची बरणी

मायबापहो, बयांनो,

कामरगाव-कारंज्यापासून तुमी सारे या शोकसभेले आले. सुभद्रामाय कोनाची नव्हती? मी गिरणीवाला मानूस, बोलाचं काम माहं नाई. आज तर मान वर करवत नाई.

माह्या गिरणीवरची बरणी साऱ्याइले माहीत आहे. मायनंच मांडली होती. बरं वाटलं का औषधाच्या उरलेल्या गोया तिच्यात टाकायच्या, दुसऱ्याच्या कामी येतीन म्हनून. ताप आला, बरणी. जखम झाली, बरणी. कॅप्सूल फोडायची, हयदीत कालवायची, जखमेत भरायची. केवढा अभिमान होता आपल्याले त्याचा!

सोयाबीन सोंगतानी मायच्या पायाले इळा लागला. सारे धावलो. ज्याच्या हाती जे कॅप्सूल लागलं, ते त्यानं भरलं. पाय सुजत गेला. कारंज्याहून अकोल्याले न्यावं लागलं.

तिथल्या डॉक्टरीनबाई म्हनाल्या, "हे जंतू औषधांना सरावले आहेत. आम्ही दोन औषधं जोडून देतोय."

मी म्हनलं, "मॅडम, आमीबी जोडूनच देत होतो. हयद आन कॅप्सूल."

त्या रागावल्या नाईत. म्हनाल्या, "काका, दोष हळदीचा नाही. औषध अर्धवट मिळालं की काही जंतू वाचतात, आणि तेच वाढतात. जंतूंना मारणारे विषाणू औषधासोबत द्यायचे प्रयोग चालू आहेत. पण ते आज माझ्या हातात नाहीत."

त्या जंतूइले कोनं वाचवलं? आपन. अर्धं औषध खाऊन, अर्धं बरणीत टाकून. पुण्य समजून! लाज वाटते, बयांनो. लय लाज वाटते.

मधात मायले बरं वाटलं होतं. सुया बंद होऊन गोया सुरू झाल्या. आन पुन्हा ताप चढला. काहून चढला, कोनाले समजेना.

शेवटी मायनं मले जवळ बोलावलं. पदराची गाठ सोडली. आत तिच्याच गोया.

"बरं वाटून राह्यलं होतं रे, म्हनून ठेवल्या. बरणीत टाक. लेकराइच्या कामी येतीन."

गोया मी हातात घेतल्या. "हो माय," म्हनलं.

माय गेली, आन बरणी मी गिरणीवरून काढली. माय, जलमात पयल्यांदा तुहं ऐकलं नाई. आता घरी गेल्यावर आपल्या डब्यातल्या, फडताळातल्या गोया काढा आन दवाखान्यात नेऊन द्या. डॉक्टरानं दिलेलं औषध पुरं खा. उरवू नका, वाटू नका.

उभे राहू या. थोडा वेळ कोनी बोलू नका.

जय भीम, माय.