इंजिन चालू ठेवू की बंद करू?

...नाही, पण मला एवढंच सांगा, इंजिन चालू ठेवू की बंद करू? साधा प्रश्न आहे हो! मी दम्माममध्ये वीस वर्षं औषधं विकतोय, गोळी जेवणाआधी की नंतर हे झोपेतसुद्धा सांगेन, पण या प्रश्नाला दोन माणसं एक उत्तर देतील तर शपथ!

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली ती सौदीकरणापासून. फार्मसीत सौदी माणूस हवा, म्हणून माझ्या जागी तुर्की नावाचा सौदी पोरगा आला. माणूस गोड, मला 'दोक्तोर, दोक्तोर' करतो. मॅनेजर म्हणाला, "उमाकांत, सिखाना तुम, जवाब तुर्की देगा." म्हणजे गिऱ्हाइकानं विचारलं की मी तुर्कीच्या कानात सांगायचं आणि तुर्कीनं मोठ्यांदा! पुढच्या महिन्यात आमचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी परत. तर आमची दमयंती म्हणते, "अहो, वीस वर्षं एसीची घरघर, फ्रिजची घरघर, गाडीची घरघर... जायच्या आधी एकदा वाळवंटात न्या आणि सगळं बंद करून बसा माझ्याजवळ. मला शांतता ऐकायचीय." आता बायकोनं सोनं मागितलं असतं तर सोपं नव्हतं का?

घेतली एक जुनी व्हॅन. गादी टाकली, पंखा लावला, तळलेली सुरमई टिकावी म्हणून फ्रिज टाकला, आणि फ्रिजसाठी लिथियम बॅटरी. ती भरायची कशी? स्पेअर पार्टवाला शारीक, आपला चिपळूणचा, म्हणतो, "उमाकांतभाऊ, अल्टरनेटरवरून सरळ वायर टाकतो. इंजिन चालू की बॅटरी भरली, खलास!" पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी आमची ईशा फोनवर किंचाळते, "बाबा, नो! मध्ये वेगळा चार्जर मस्ट आहे! लिथियम मिळेल तेवढं ओढत राहते, अल्टरनेटर जळेल!" मला सांगा, अल्टरनेटर म्हणजे चार्जरच ना? मग चार्जरला चार्जर कशाला? आणि उभ्या गाडीत काय, इंजिन चालू ठेवू की बंद करू? तुर्कीला विचारलं तर तो हसायलाच लागला. "इंजिन बंद? लेश, दोक्तोर? व्हाय?" खरंच हो, इथं बंद करतं कोण? दुकानासमोर थांबायचं, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीत येतो, इंजिन आपलं चालूच! मीही वीस वर्षं तेच करतोय.

तर शेवटी शारीकचीच सरळ वायर टाकून गेलो. वाळूच वाळू, माणूस नाही काणूस नाही. हिनं चटई टाकली. "करा ना बंद आता." बघतो तर बॅटरी अर्धीच! आता बंद केलं तर फ्रिज जाईल, चालू ठेवलं तर बायको जाईल... "थांब गं, एवढी भरू दे." "झाली?" "भरतेय." "झाली?" "भरतेय गं!" ...आणि वास आला. ही म्हणते, "सुरमई करपली का हो?" अगं, सुरमई डब्यात आहे! बॉनेट उघडलं तर धूर, अल्टरनेटर जळून जाम, पट्टा तुटलेला, इंजिन ठप्प. ईशाला फोन केला. "बाबा, उभ्या गाडीत तो हळू फिरतो, वारा लागत नाही, मग अजूनच तापतो. आय टोल्ड यू!" आणि लिथियम? टम्म भरलेली! फ्रिज चालू, पंखा चालू, गाडी बंद! याला काय म्हणायचं?

दमयंती शांतपणे उठली, फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, डबा उघडला. "खाऊन टाकू." तुम्हाला सांगतो, मला आधी वाटलं आपले कानच गेले! इतकं शांत... मग ही म्हणाली, "अहो, तुमचंही तेच झालं. एका जागी उभं राहून तुर्कीला भरत बसलात." राग यायला हवा होता हो मला! नाही आला. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि सुरमई मात्र फार छान लागली. महिनाभर कुणाला समजावता आला नाही तो अल्टरनेटर मला तिथं समजला.

तेवढ्यात गाडी उचलायला बोलावलेला ट्रक आला, धडधड धडधड! हिनं नुसता हात वर केला, श्शू... ड्रायव्हर बिचारा गोंधळला. खिडकीतून वाकून मलाच विचारतो, "साहब, इंजन चालू रखूँ कि बंद करूँ?"

म्हटलं, "बाबा रे, तुर्कीला विचार. हल्ली उत्तरं तो देतो."