रात्रीपुरती कावीळ

हसू नका, पण आमच्या बाबांना मध्यंतरी फक्त रात्रीपुरती कावीळ झाली होती.

झालं असं, की पेडण्याच्या घरी त्यांना पुस्तकं वाचायला ई-रीडर दिला आणि मी फोंड्याला नोकरीवर परतलो. दोन दिवसांनी बाबा आईला म्हणाले, "अगो, सकाळी पान पांढरंशुभ्र असतं आणि रात्री पिवळं दिसतं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गडबड आहे."

आईने त्या रात्री ते पान बघितलं, मग बाबांची पापणी ओढून डोळा बघितला आणि निकाल दिला, "कावीळ." तिथल्या तिथे त्यांचे बांगडे बंद आणि पेज सुरू!

बाबांना काही ते पटेना. "सकाळी जाते आणि दिवेलागणीला परत येते, ही कसली कावीळ गो?"

"ही सुरुवात आहे. अंगात मुरली की दिवसाही दिसेल."

शेवटी वैतागून त्यांनी मला फोन लावला. मी म्हटलं, "बाबा, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याचा उजेडच पिवळा होतो. मीच तसं सेटिंग करून ठेवलंय."

फोन चालूच होता. पलीकडे बाबांचा आवाज एकदम फौजदारासारखा झाला. "काय गो, पान तूसुद्धा बघितलं होतंस ना? तुला कसं दिसलं?"

"पिवळंच."

"मग तू रोज बांगडे कशी खात होतीस?"

आई शांतपणे म्हणाली, "मलाही झालीय म्हटलं असतं, तर तुम्हाला पेज कोण करून घालणार होतं?"