मोतीला कोण खाऊ घालतं?

तुम्ही हसाल, पण संशय घेण्यात माझं चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. आमचा मोती पिल्लू होता तेव्हा दिवसातून चार वेळा दूधभात चाटूनपुसून खायचा. वर्षाचा होत आला आणि घरच्या अन्नाला तोंड लावेना. तरी अंगानं भरतच चालला होता! मी तेव्हा ठाण्यातल्या एका दारूच्या मक्तेदाराविरुद्ध वर्तमानपत्रात लिहीत होतो. म्हटलं, हाच कुत्र्याला लळा लावतोय. आज मटण घालील, उद्या विष.

एका दुपारी मी मोतीच्या मागोमाग निघालो. तो थेट खाडीकाठच्या कोळीवाड्यात, जनाबाई कोळणीच्या अंगणात शिरला. तिनं त्याच्यापुढं भात आणि काटे काढलेले उकडलेले मासे ठेवले.

"याला खायला घालायला तुला कोणी सांगितलं?" मी ओरडलो. "मक्तेदारानं ना?"

"कोन मक्तेदार? वाढतं जनावर हाय, दादा. दूधभातावर तुमी भट जगाल, ते कसं जगंल?"

"यात विष नाही कशावरून?"

तिनं मोतीच्या पुढ्यातला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि शांतपणे चावून गिळला. मग दुसरा माझ्यापुढं धरला.

"इस्वास नाय ना? मंग तुमीच खाऊन बगा. छापायचं तं खरं छापा."

कलेक्टरसमोर मी कधी माघार घेतली नव्हती. त्या दुपारी माशाच्या तुकड्यापुढं घेतली. मोती मात्र माझ्याबरोबर यायला उठलासुद्धा नाही.